दाढीचा कोंबडा, साध्या तोंडाच्या तलंगा

खान्देशात कोंबडी घेणारा माणूस आधी तिचं तोंड बघतो, वजन नंतर. माझी मोठी माय बाजारात पाय बांधून ठेवलेल्या कोंबड्यांपुढे उकिडवी बसायची, एकेकीचं डोकं दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवायची आणि म्हणायची, "कोंबडी तोंड दखीसनी लेवानी." तुरा लालभडक हवा. फिका असला तर पोटात जंत असतील, नाहीतर आजार आतून पोखरत असेल. तुऱ्यावर काळपट खपल्या दिसल्या तर देवी. डोळ्यात फेस आणि नाकपुडीला चिकटा म्हणजे सर्दी, आणि ती एकीपुरती राहत नाही, अख्ख्या खुराड्यात फिरते. चोचीखाली लोंबणाऱ्या लाल लोळ्या सुजलेल्या असल्या तर मोठी माय त्या कोंबडीला हातच लावायची नाही. पुढे मी कुक्कुटपालनाची पुस्तकं वाचली तेव्हा तिची एकेक खूण त्यांत सापडत गेली. कॉलऱ्यात लोळ्या सुजतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दाढीवाल्या कोंबडीपुढे मात्र ही सगळी विद्या अडते. वाचायचा तो चेहराच झाकलेला असतो.

माझ्याकडची पहिली दाढीवाली धडगावच्या बाजारातून आली. एका पावरा आदिवासी बाईच्या टोपलीत चार साध्या गावरान कोंबड्यांमध्ये ही बदामी रंगाची बसलेली. दोन्ही गालांवर पिसांचे फुगीर कल्ले, चोचीखाली त्यांना जोडून दाढी. ती पिसं अंगावरच्या पिसांसारखी चापून बसलेली नव्हती. बाहेरच्या बाजूला वळलेली, मऊ, टोकाला किंचित फिकट. कल्ला बोटाने बाजूला सारला की आत कानाची पाळी दिसायची, मोराच्या मानेसारखी निळसर झाक असलेली. लोळ्या म्हणाव्यात तर नुसते दोन लाल ठिपके. घरी आणली तेव्हा गल्लीतल्या बाया गोळा झाल्या. "हिले दाढी शे, मायबाई!" एकीने तर हा नक्की कोंबडाच, अंडं देणार नाही, असं सांगून टाकलं. तिने अंडी दिली, खुडूक झाली आणि पिल्लंही काढली.

तिचे पाय धुताना आणखी एक गोष्ट दिसली. उजव्या पायाला चार बोटं, डाव्याला पाच. मागच्या बोटाच्या वर आणखी एक, आभाळाकडे तोंड केलेलं. पंखाखालची कातडी राखाडी. कधीतरी कुणीतरी हौसेने आणलेल्या सिल्की कोंबड्याचं रक्त तिच्यात उतरलं होतं, हे तिथेच कळलं. सिल्की ही पूर्वेकडची जुनी जात. रेशमी पिसं, काळी कातडी, डोक्यावर पिसांची टोपी, पायाला पाच बोटं, आणि तिच्या एका प्रकारात दाढी. हौशी पक्ष्यांच्या बाजारात ती आपल्याकडे बरीच वर्षं मिळते. आमच्या बदामीकडे रेशमी पिसं नव्हती, कारण ती आई आणि बाप दोघांकडून मिळाली तरच दिसतात. दाढीला आणि पाचव्या बोटाला एकच बाजू पुरते. त्यातही पाचवं बोट लहरी आहे. जनुक असूनही कधी एकाच पायाला उगवतं, कधी उगवतच नाही. सिल्कीत ते ज्या जनुकाच्या नियंत्रणातल्या बिघाडाने येतं, त्याच जागेतल्या बिघाडाने काही माणसांच्या हातालाही सहावं बोट येतं.

कल्ले आणि दाढी हे दोन दागिने वेगवेगळे दिसले तरी ते एकाच जनुकीय बदलाचं काम. कोंबडीच्या २७व्या गुणसूत्रावर तो बसलेला आहे. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात हुईयांग नावाची दाढीवाली जात आहे. तिच्यावर काम करणाऱ्या संशोधकांनी २०१६ साली त्याचा छडा लावला. त्या गुणसूत्राचे तीन तुकडे दुबार झाले आहेत आणि त्या उलथापालथीत हॉक्स-बी-८ नावाचं जनुक भलत्या जागी जागं झालं आहे. हॉक्स घराण्यातली जनुकं गर्भात डोक्यापासून शेपटीपर्यंत कुठल्या भागाने काय व्हायचं ते ठरवतात. चेहऱ्याच्या कातडीत हॉक्स-बी-८ एरवी गप्प असतं. दाढीवाल्यांत ते तिथे बोलू लागतं, आणि गालाची कातडी आपण गाल आहोत हे विसरून लांब पिसं उगवते. डोक्यावरच्या पिसांच्या टोपीमागेही याच घराण्यातलं दुसरं जनुक निघालं. मला हे वाचताना अंगावर काटा आला होता. आपण ज्याला नट्टापट्टा म्हणतो तो शरीराच्या नकाशातला बदल आहे.

या बदलाचा दुसरा गुण पाळणाऱ्याच्या फार उपयोगाचा. दाढी लपून राहत नाही. रेशमी पिसांचं जनुक साध्या पिसांखाली चार-चार पिढ्या दडून बसू शकतं आणि एक दिवस अचानक पिल्लाच्या अंगावर येतं. दाढीचं तसं नाही. ज्याच्या तोंडावर ती आहे तोच पुढे देऊ शकतो. दोन दाढीवाल्यांच्या पोटी साध्या तोंडाचं पिल्लू आलं, तर त्या पिल्लापाशी दाढी नाही म्हणजे नाही. साध्या तोंडाच्याच जोडीदाराबरोबर त्याचा वंश कितीही वाढवा, ती परत येणार नाही. शिवाय मात्रा तोंडावर दिसते. एकाच बाजूने मिळाली तर दाढी विरळ, कल्ले आटोपशीर. दोन्हीकडून मिळाली तर दाट, गळ्यापर्यंत उतरलेली. अंड्यातून बाहेर येऊन पिल्लू वाळलं की त्याच दिवशी गाल बघावेत. साध्या पिल्लाचा गाल डोळ्याखाली सपाट असतो, दाढीवाल्याचा कापूस भरल्यासारखा फुगीर. एकविसाव्या दिवशी सकाळी खुडूक कोंबडीखाली हात घालून एकेक पिल्लू उजेडात बघण्यासारखं सुख मला दुसरं माहीत नाही.

प्राण्यांमध्ये आनुवंशिकतेचे नियम चालतात हे जगाला पहिल्यांदा पटलं तेच मुळी कोंबड्यांच्या तोंडावरून. मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध १८६६ साली छापून आला, कुणी फारसं लक्ष दिलं नाही, आणि १९०० साली तो पुन्हा उजेडात आला. तरी तो वनस्पतींचा हिशोब होता. विल्यम बेटसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०२ साली कोंबड्यांचे तुरे मोजून दाखवून दिलं की पक्ष्यांतही तोच हिशोब लागू पडतो. मग त्याने आणि रेजिनाल्ड पनेटने गुलाबतुऱ्याच्या आणि वाटाणातुऱ्याच्या कोंबड्यांचा संकर केला. पिल्लांना आईचाही तुरा आला नाही आणि बापाचाही. अक्रोडासारखा तिसराच आला. ती पिल्लं आपसात लावली तर पुढच्या पिढीत चार प्रकार निघाले: अक्रोड, गुलाब, वाटाणा आणि साधा एकेरी, ९:३:३:१ या प्रमाणात. दोन वेगवेगळी जनुकं मिळून एकच अवयव घडवतात हे तिथून कळलं. आपल्या असीलच्या डोक्यावरचा तो बसका, तीन ओळींचा तुरा म्हणजे वाटाणातुरा. झुंजीसाठी असील पाळणारे त्याच्याकडे फार बारकाईने बघतात, कारण लोंबता तुरा प्रतिस्पर्ध्याच्या चोचीत सापडतो.

या तुऱ्यांचा पुढचा शोध वाचत गेलो तसं एक सूत्र दिसत गेलं. चेहऱ्यावरची ही नक्षी फुकट मिळत नाही. वाटाणातुरा देणारा सॉक्स-५ जनुकातला बदल २००९ साली सापडला. तो तुरा आखडतो आणि त्याबरोबर लोळ्याही आखडतो. गुलाबतुऱ्याचं कोडं २०१२ साली सुटलं. तिथे गुणसूत्राचा एक मोठा तुकडाच उलटा बसलेला आहे, आणि दोन्ही बाजूंनी तो मिळालेल्या कोंबड्याची फळवण्याची ताकद कमी होते. सगळ्यांत कठोर हिशोब चिलीकडच्या अरौकाना कोंबडीचा. तिच्या कानाशी दोन्ही बाजूंना पिसांचे तुरे निघतात. वरवर बघणाऱ्याला ते आपल्या कल्ल्यांसारखे वाटतात, पण ते वेगळ्या जनुकाचं काम. ते जनुक आई-बाप दोघांकडून मिळालं तर पिल्लू अंड्यातच मरतं, बाहेर यायला थोडे दिवस उरलेले असताना. म्हणजे कानाशी तुरे असलेली प्रत्येक जिवंत अरौकाना एकेरी मात्रेवर जगते.

दाढीची किंमत एवढी मोठी नाही. दुहेरी मात्रेची पिल्लंही धडधाकट निघतात, अंडी देतात, म्हातारी होतात. तिने घेतलेली किंमत म्हणजे लोळ्या. दाढी जितकी दाट तितकी चोचीखालची लाल कातडी लहान. थंड मुलखात हा सौदा फायद्याचा. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने नोंदवलेल्या देशी जातींमध्ये काश्मीर फेव्हरोला आहे, ती दाढीवाली. फ्रान्सची फाव्हरोल, रशियाची ऑरलॉफ, जर्मनीची थुरिंगियन याही दाढीवाल्याच. बर्फात लोळ्या गारठून सडतात, तिथे त्या नसलेल्याच बऱ्या.

पण आमचा मुलूख तापीचा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या वर जातो, आणि खुराड्याचा पत्रा दुपारी हात लावू देत नाही. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान ४१-४२ अंश. ती पंख अंगापासून सोडते, चोच उघडून धापा टाकते आणि तुऱ्या-लोळ्यांत रक्त पाठवून उष्णता बाहेर टाकते. इथे एक बारीक गोष्ट आहे. भर दुपारी बाहेरची हवाच तिच्या अंगाहून गरम असते, तेव्हा लोळ्यांचा काही उपयोग नाही. फक्त धाप आणि पाणी. लोळ्या कामाला येतात त्या दिवेलागणीनंतर. हवा पस्तिशीवर आली की दिवसभर अंगात साठलेला ताव त्या पातळ लाल कातडीतून निघून जातो. रात्री नऊच्या सुमारास खुराड्यात बॅटरी घेऊन गेलं की हे डोळ्यांनी दिसतं. मोठ्या लोळ्यांच्या गावरान कोंबड्या शांत बसलेल्या असतात. दाट दाढीवाल्या अजून चोच उघडून असतात. मी जेवढे उन्हाळे बघितले तेवढ्यांत हा फरक चुकला नाही.

याविरुद्धही बोलता येतं आणि ते मी स्वतःशी बोललो आहे. ग्वांगडोंग काही थंड नाही, तिथे हुईयांग कोंबडी सुखाने नांदते. असीलला लोळ्या जवळपास नसतात आणि तो आंध्र-छत्तीसगडच्या उन्हात पिढ्यानपिढ्या जगला आहे. म्हणजे दाढीने कोंबडी मरते असं मुळीच नाही. प्रश्न मरण्याचा नसून रात्रीच्या त्या दोन-तीन तासांचा आहे. माझ्या हौसेपायी एखाद्या जिवाने ते तास जास्त धापा टाकत काढावेत का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. माझं उत्तर नाही असं आहे.

म्हणून मी जोड्या लावताना एक रीत धरली. दाढीवाला कोंबडा कायम साध्या तोंडाच्या तलंगांवर, म्हणजे तरण्या कोंबड्यांवर, सोडायचा. तो एकेरी मात्रेचा असला की निम्मी पिल्लं दाढीची आणि निम्मी साधी निघतात, आणि दाढीची निघतात ती सगळी एकेरीच. त्यांच्या गालावर कल्ले असतात, चोचीखाली विरळ दाढी असते, आणि दाढीच्या फटीतून बोटाच्या पेराएवढ्या का होईना, लाल लोळ्या दिसतात. मोठ्या मायने मान वळवून बघितल्या असत्या तर तिला वाचता आल्या असत्या. याचा अर्थ असा की माझ्या खुराड्यातली दाढी कधीच पक्की होणार नाही. दर पिढीत निम्मी पिल्लं साध्या तोंडाची येणार, आणि स्पर्धेच्या दृष्टीने हा कळप कायम कच्चा राहणार. हौशी पाळणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांना शंभर टक्के दाढी हवी असते. त्यासाठी दाढीवाला कोंबडा साध्या कोंबड्यांवर लावून परीक्षा करतात. सगळीच पिल्लं दाढीची निघाली तर तो दुहेरी मात्रेचा, आणि मग त्याच्या पोरी त्यालाच लावतात. दोन पिढ्यांत दाढी पक्की होते, आणि जवळच्या नात्यातल्या मिलनाने अंड्यांची उगवण घसरू लागते.

(निम्मी म्हणजे ढोबळ हिशोबाने निम्मी. दहा-बारा अंड्यांच्या एका राखणीत, म्हणजे एका खेपेच्या उबवणीत, कधी आठ दाढीवाले निघतात, कधी दोनच. नव्याने पाळणाऱ्यांनी एका राखणीवरून कोंबड्याची परीक्षा करू नये.)

साध्या तोंडाच्या तलंगा कुठल्या घ्याव्यात यावर मी दाढीपेक्षा जास्त विचार केला आहे. आपल्या खान्देशच्या कोंबड्यांचा ठेवा मुळात फार फुटका झालेला आहे. नंदुरबार जिल्हा आणि शेजारचा गुजरात हा बुसरा कोंबडीचा मूळ मुलूख. त्याच जिल्ह्यातल्या नवापुरात फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. काही लाख पक्षी मारून पुरावे लागले. लगेच मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत, परसातल्या कोंबड्यांत तो निघाला आणि तिथल्याही कोंबड्या माराव्या लागल्या. पोल्ट्रीवाल्यांनी पुढे कंपनीची पिल्लं आणून शेड भरली. परसातल्या कोंबडीचं तसं होत नाही. सासूने सुनेला दिलेली, माहेराहून लेकीने आणलेली कोंबडी, तिची नात, पणती, असा तो वंश चाललेला असतो. २०२१ साली नवापुरात पुन्हा तेच झालं. माझ्या मावशीच्या गावात एका आठवड्यात खुराडी रिकामी झाली, आणि त्यानंतर तिथे आल्या त्या सुधारित जातीच्या, भरपूर अंडी देणाऱ्या पण खुडूक न होणाऱ्या कोंबड्या. खुडूक होणं, साप-मुंगुसाला ओळखणं, घारीची सावली पडताच पिल्लांना पंखाखाली घेणं, दादरीच्या (ज्वारीच्या) फोलकटांत आणि उकिरड्यावर स्वतःचं पोट भरणं हे तोंडावर दिसत नाही. ते आईकडून येतं, काही रक्तातून, काही मागे फिरून शिकण्यातून.

म्हणून माझ्या दाढीवाल्या कोंबड्याला मिळणाऱ्या तलंगा सातपुड्याच्या पाड्यांवरून येतात. त्या देणाऱ्या बाईला मी एकच गोष्ट विचारतो, हिच्या आईने किती पिल्लं मोठी केली? जी आई दरवेळी बरीच पिल्लं वाचवते तिची लेक मला हवी. रंग कुठलाही चालतो. दाढी बापाकडून येईल. बाकी सगळं आईकडून यायला हवं.

दाढीवाल्यांना थोडी वेगळी निगा लागते, ती सांगून ठेवतो. पसरट भांड्यात पाणी दिलं की दाढी भिजते, भिजलेल्या दाढीला भरड चिकटते, ती आंबते आणि पावसाळ्यात तिथल्या कातडीला फोड येतात. अरुंद तोंडाचं भांडं किंवा चोच लावली की पाणी देणारं निपल लावावं. उवा आणि गोचिड्या दाढीच्या मुळाशी आधी घर करतात; आठवड्यातून एकदा पिसं उलटी फुंकून बघावीत. देवीची खपलीही तिथेच लपते, त्यामुळे लस चुकवू नये. आणि गर्दी झाली की बाकीच्या कोंबड्या दाढीच उपटतात. एकीने चोच घातली आणि पीस निघालं की दुसरी लगेच येते, दोन दिवसांत गाल सोलल्यासारखा लाल होतो. अशा वेळी जखमी कोंबडीला वेगळं करण्यापेक्षा उपटणारीला वेगळं डालावं. नाहीतर जखमी कोंबडी परत आल्यावर कळपात तिची जागा गेलेली असते आणि मार पुन्हा सुरू होतो.

हल्ली दाढीवाल्यांना गिऱ्हाईक आहे. सुरतेकडून, नाशकाकडून फोन येतात. सगळ्यांना जोडी हवी असते, कोंबडा दाढीचा आणि कोंबडीही दाढीची, दोन्ही जितक्या दाट तितक्या चांगल्या. पैसेही चांगले देऊ करतात. मी जोडी देत नाही. दाढीचा कोंबडा नेणाऱ्याला साध्या तोंडाच्या दोन तलंगा सोबत न्याव्या लागतात, त्याच किमतीत. काहींना ही सक्ती वाटते आणि ते फोन ठेवून देतात. गेल्या पावसाळ्यात शिरपूरकडचा एक तरुण आला, कॉलेजात शिकणारा. त्याने मला तासभर उलटसुलट विचारलं, वहीवर चौकोन काढून एकेरी-दुहेरीचा हिशोब मांडला आणि शेवटी कोंबडा नेलाच नाही. तलंगा तेवढ्या मागितल्या. त्याच्या घरी सिल्कीचा दाढीवाला आधीपासून होता, दुहेरी मात्रेचा. त्याची सगळी पिल्लं एकेरी दाढीची निघतील हे त्याने स्वतःच काढलं होतं. मी त्याला माझ्याकडच्या सगळ्यांत हुशार आईच्या दोन लेकी दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. पहिली राखण निघाली की गालांचे फोटो पाठव, एवढं सांगितलं. त्याने पाठवले. अकरा पिल्लं, अकराही गाल फुगलेले.